राहिलेला हात

भर दुपारी, बाजाराच्या दिवशी, पन्नाशीचा एक मिशीवाला माणूस बायकोचं लुगडं नेसून कासारवाडीतून सायकल चालवत गेला आणि कुणीही हसलं नाही. मी तिथे नव्हतो. पण ज्या पाच-सहा जणांनी मला ही गोष्ट सांगितली, त्यांतल्या एकानेही ती हसत सांगितली नाही. पानवाला तर अशा थाटात सांगत होता की जणू कलेक्टरसाहेब पाहणी करून गेले. मी विचारलं, कुणी काही बोललं नाही का? तर माझ्याकडेच विचित्र नजरेने बघत म्हणाला, मिस्त्री कामात होते, कामात असलेल्या माणसाला काय बोलायचं?

काम होतं दवाखान्यातल्या नर्सबाईंचं. त्यांची ड्युटी पिंपरीला, घर कासारवाडीला, आणि बसचा भरवसा नाही. भावाची एक जुनी जेंट्स सायकल घरामागे गंजत पडली होती, ती घेऊन त्या मिस्त्रींकडे गेल्या. दुसरा कुणी असता तर मधली दांडी कापून खाली जोडली असती, मागच्या चाकाला जाळी बसवली असती आणि बाईंना नमस्कार केला असता. मिस्त्रींनी आधी लुगडं नेसून चार दिवस सायकल चालवली. पहिल्या दिवशी दोनदा आपटले. चौथ्या दिवशी त्यांच्या ध्यानात आलं की आपण नेसलोय नऊवारी आणि नर्सबाई नेसतात पाचवारी, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. मग शेजारून पाचवारी मागून आणली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मिस्त्रीणबाईंची अट एकच होती: काय नेसायचं ते नेसा, माझ्या दिवाळीच्या साडीला हात लावायचा नाही.

एवढं करून त्यांना जे कळलं ते ऐका. साडी नेसलेल्या बाईची खरी अडचण चाकात नाही, ती चढण्या-उतरण्यात आहे. सायकल एकदा चालू लागली की बाई राणी. पण चढताना आणि उतरताना, भर रस्त्यात, दहा माणसं बघत असताना, निऱ्या सांभाळत पाय टेकवायला तिला जागा लागते. सायकलमध्ये कितीही बदल केला तरी ही जागा सायकलवर होत नाही. म्हणून त्यांनी दांडी खाली घेतली, डालड्याचा डबा कापून चेनला झाकण केलं, आणि मग दवाखान्याच्या फाटकाशी एक वीतभर उंचीचा दगड आडवा पुरला. रस्त्यावरचे मैल जाऊन किलोमीटर आले तेव्हा मैलांचे जुने दगड उपटून कडेला टाकले होते, त्यांतलाच तो एक. त्यावर ‘पूना’ आणि पाचाचा आकडा अजून वाचता येत होता. नर्सबाई त्या पाचावर पाय ठेवून ऐटीत उतरायच्या.

मिस्त्री म्हणायचे, ‘सायकल अर्धीच असती. उरलेली अर्धी रस्त्यावर असती. ती कोन बनवनार?’

हे ते तक्रारीच्या सुरात म्हणत, आणि तक्रार खरी होती. सत्तरच्या पुढची ती वर्षं. सकाळी सव्वासहाला मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की पहिल्या शिफ्टचा लोंढा दिसायचा. सायकलीच सायकली. कॅरियरला डबा, पायजम्याला क्लिप, घंटीवर अंगठा. ट्रकवाल्याला ढाबा होता, बसला थांबा होता, पायी चालणाऱ्याला निदान झाडाची सावली होती. सायकलवाल्याला मात्र क्षणभर टेकायला एक खांबही त्याच्या नावाचा नव्हता. शहर येतंय, मिस्त्री म्हणायचे, इमारती येतायत, आणि रोज सकाळी ज्यांच्या पायांवर हे शहर चालतं त्यांना पाय ठेवायला काही नाही. सगळे ऐकायचे आणि ‘खरंय’ म्हणून पुढे जायचे. ते एकटेच पहार घेऊन खड्डा खणायला लागायचे.

स्टेशनच्या जिन्यावर कडेने लोखंडाची चाकाएवढी पन्हळ त्यांनीच बसवली, म्हणजे सायकल खांद्यावर न घेता ढकलत वर नेता येते. कंपनीच्या कोपऱ्यावर बसथांब्याचा पोकळ खांब होता. त्याला त्यांनी हवेचा पंप साखळीने बांधला. तो चोरीला गेला. दुसरा बांधला, तोही गेला. तिसराही गेल्यावर त्यांनी चौथा पंप खांबाच्या आतच असा बसवला की बाहेर फक्त पायाने दाबायची पट्टी आणि रबरी नळी. चोरायचा तर अख्खा थांबा उपटून न्यावा लागला असता. एकदा रस्त्याचे कुणी ओव्हरसियर चौकशीला आले, हे दगड आणि खांब कुणी बसवले म्हणून. ते स्वतः सायकलवर आले होते, आणि हे विचारताना त्यांचा एक पाय मिस्त्रींच्याच दगडावर टेकलेला होता. लोकांनी त्यांच्या पायाकडे बघितलं, त्यांनीही बघितलं, आणि चौकशी तिथेच संपली.

मिस्त्री मूळचे मावळातल्या एका खेड्यातले. एका कंपनीत टूलरूमला, म्हणजे हत्यारं-साचे बनवायच्या खात्यात, होते. साडेपाचला घरी आले की चहा घेऊन रेल्वेलाईनच्या कडेच्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरायचे. तोंडात कायम दोन-तीन नट धरलेले, त्यामुळे बोलणं कमी आणि जे निघे ते नटांच्या फटीतून. पंक्चर काढायला कुणी आला की त्याला पंक्चरवाल्याकडे पाठवायचे. नुसती सायकल टाकून जाणाऱ्याची सायकल तशीच पडून राहायची. त्यांना माणूस लागायचा. ‘आदी मानूस बघू दे,’ म्हणायचे, आणि त्याला शेडपासून नळापर्यंत चालत जाऊन परत यायला लावायचे. मग विचित्र विचित्र प्रश्न. पिशवी कुठल्या खांद्याला अडकवता? सकाळी जाताना ऊन तोंडावर की पाठीवर? घाईत असला की शिवी कुणाला देता? शेवटच्या प्रश्नाचा सायकलशी काय संबंध, हे मला आजवर कळलेलं नाही. पण दूधवाल्याने म्हशीला म्हटल्यावर त्यांनी त्याचे कॅन चाकाच्या आसापर्यंत खाली घेतले होते, आणि त्यानंतर त्याचं दूध सांडलं नाही.

या माणसाच्या शेडमध्ये एक वस्तू अशी होती की तिला कुणी हात लावायचा नाही. देहूरोडच्या लष्करी डेपोच्या लिलावातून त्यांनी फार वर्षांपूर्वी आणलेली परदेशी सायकल, काळी कुळकुळीत. हातात ब्रेकच नाही. पायडल उलटं दाबलं की मागचं चाक जागच्या जागी थांबायचं. रविवारी सकाळी ते ती बाहेर काढायचे, पुसायचे, चिंचवडपर्यंत एक फेरी मारायचे आणि परत कापडाखाली ठेवायचे. त्या फेरीत ते कुणाशी बोलत नसत. मिस्त्रीणबाई म्हणायच्या, ती माझी सवत आहे.

आता माझं सांगतो.

मी पॉवर प्रेसवर होतो, पत्रा दाबून कापायच्या मशीनवर. गावाकडे, उस्मानाबादच्या बाजूला, आमची जमीन कधीच नव्हती, आणि दुष्काळाच्या वर्षी तर दुसऱ्यांच्या जमिनीवरचं कामही संपलं. बायको आणि दोन वर्षांची मुलगी घेऊन पिंपरीत आलो, वस्तीत एक खोली घेतली, कंपनीत लागलो. तीन वर्षं बरी गेली. मग एका दुपारी प्रेस खाली आली तेव्हा माझा उजवा हात अजून आतच होता. अंगठा राहिला, चार बोटं गेली. कसं झालं ते मी पुष्कळांना सांगितलं आहे, इथे नको.

दवाखान्यात दीड महिना काढला. कंपनीचे पर्सनल ऑफिसर भेटायला आले. माणूस वाईट नव्हता. स्पष्ट बोलले की प्रेसवर आता तुला घेता येणार नाही. एक जागा आहे, टपालाची. मोठ्या कारखान्यातून कागद आणि नमुन्यांची पेटी घ्यायची, कासारवाडीचं रेल्वेचं फाटक ओलांडून नदीकडच्या शेडमध्ये पोचवायची, दिवसातून चार फेऱ्या. जुना माणूस महिन्याअखेर रिटायर होतोय. पण फेऱ्या सायकलवर आहेत. तुला सायकल नीट आवरते हे माझ्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही. उद्या ट्रकखाली गेलास तर ते माझ्या जिवाला लागेल. महिन्याभराने, पहिल्या शनिवारी, चालवून दाखव.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? नाही म्हटलं तर गावी परत जायचं, आणि गावी जे नव्हतं तेच नव्हतं; वर आता हातही नव्हता.  बायको त्या दिवसापासून पोरीला शाळेत घालायचं नाव काढेनाशी झाली, त्यावरून मला कळलं की तिचा जीव किती खाली गेला आहे.

माझं ड्रेसिंग करणाऱ्या नर्सबाई त्याच, पाचाच्या दगडावर उतरणाऱ्या. त्यांनीच मला मिस्त्रींकडे पाठवलं. मी उजवा हात टॉवेलात गुंडाळून गेलो. मिस्त्रींनी मला नळापर्यंत चालायला लावलं, टॉवेल सोडायला लावला, हात उलटसुलट करून बघितला. अगदी सावकाश, सगळीकडून. लोक एकतर बघायचे नाहीत, नाहीतर बघून चुकचुकायचे. त्यांनी पेन्सिलीने जाडी मोजली. मग म्हणाले, बारा दिवसांनी ये.

तिसऱ्या दिवशी रस्त्यात दिसले. उजव्या हाताची चार बोटं तळव्याशी दुमडून चिंधीने करकचून बांधलेली, अंगठा मोकळा. तसेच सायकलवर कामाला चाललेले. नंतर कळलं की बारा दिवस त्यांनी ती चिंधी आंघोळीलाही सोडली नाही. टूलरूममध्ये तसेच उभे राहिले, फोरमनची बोलणी खाल्ली. मिस्त्रीणबाई त्यांना चमच्याने भरवायच्या आणि दर घासाला एकेक ऐकवायच्या. मला हे सगळं कळलं तेव्हा मी घरी येऊन बायकोला सांगितलं, आणि सांगता सांगता रडलो. माझ्या सख्ख्या भावानेही माझं दुखणं असं अंगावर घेतलं नव्हतं, आणि हा परका माणूस ते बोटांना बांधून हिंडत होता.

तेराव्या दिवशी सायकल तयार होती. माझीच जुनी सायकल. उजव्या मुठीच्या जागी चामड्याची वाटी, तिच्यात माझ्या हाताचा उरलेला भाग टोपीत डोकं बसावं तसा बसायचा. पुढचा आणि मागचा दोन्ही ब्रेक सळया जोडून डाव्या मुठीत आणलेले. कॅरियरवर पेटीसाठी खाचा. मिस्त्रींनी नट थुंकून टाकले, म्हणजे काम संपलं. एका बोटाने ब्रेक दाबून दाखवला आणि म्हणाले की लोण्यागत आहे.

मी पेटीत विटा भरल्या आणि निघालो. सपाटीवर सायकल छान चालली. फाटक ओलांडलं. फाटकापलीकडे रस्ता नदीकडे उतरतो. तिथे ब्रेक दाबला आणि तो दबेना. माझा डावा हात आयुष्यभर उजव्याच्या मागे उभा राहिलेला; पंचवीस-तीस किलो ओझ्याची उतारावरची सायकल दोन्ही ब्रेक मिळून थोपवायची ताकद त्यात नव्हतीच. जिवाच्या आकांताने दाबला. सायकल सुटली ती सुटलीच. खाली वळणावर एका माळ्याचा वांग्यांचा मळा होता, त्यात मी, सायकल, पेटी आणि विटा असे चौघे वेगवेगळे जाऊन पडलो. मला फारसं लागलं नाही. माळ्याच्या एका वाफ्याचं भरीत झालं आणि त्याने त्याबद्दल जे म्हणायचं ते म्हटलं.

सायकल ढकलत शेडवर आलो. मिस्त्रींनी वाकडा झालेला मडगार्ड बघितला, माझे खरचटलेले कोपर बघितले, आणि विचारलं की दाबला न्हाईस का. मी म्हटलं, दाबला, पण हातात जोरच नाही, मी उजव्या हाताचा माणूस आहे.  त्यांचा चेहरा असा उतरला की माझंच मन मला खाऊ लागलं. शेडचं दार ओढून घेतलं आणि घरात गेले.

पुढचे चार दिवस त्यांनी मला दारात उभं केलं नाही. मिस्त्रीणबाई बाहेर येऊन सांगायच्या की नाहीत. आत खोकल्याचा आवाज यायचा. शनिवारला दोन आठवडे राहिले होते. मला वाटलं, संपलं. वाईट याचं वाटलं की मी त्यांच्यावर रागावूही शकत नव्हतो. बायको म्हणाली, देव नव्हेत ते, चुकले असतील. मी म्हटलं, आपण देव मानत नाही, म्हणूनच तर माणसावर एवढी भिस्त ठेवली.

पाचव्या दिवशी, रविवारी, ते आमच्या वस्तीत आले. कधी कुणाच्या घरी न जाणारा माणूस. बायकोने पाणी दिलं, ते प्यायले, आणि खाली सतरंजीवर माझ्यासमोर बसले.

‘डावा दाव,’ म्हणाले.

दोन महिन्यांत प्रत्येकाने माझा उजवा हात मागितला होता. डॉक्टरांनी, साहेबांनी, गावाहून आलेल्या पाहुण्यांनी. डावा पुढे करताना मला लाज वाटली, जणू तोही बिघडलाय की काय. त्यांनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला. एकेक बोट वाकवून बघितलं. माझ्याकडून त्यांची तर्जनी दाबून घेतली. जमिनीवरची काडेपेटीची काडी उचलायला लावली. ती मला दोनदा सुटली. मग कप उचलायला लावला, मग पोरीची चप्पल. हे सगळं अर्धा तास चाललं होतं. बायको दाराशी उभी होती.

‘म्या डावखुरा हाय,’ ते शेवटी म्हणाले. ‘शाळंत मास्तरनी दोन वरसं माझा डावा हात बांधून ठिवला व्हता. लिवायचं, जेवायचं तेवढं उजव्यानं शिकलो, बाकी समदं काम डाव्यानंच. बारा दिस उजवा बांधून फिरलो, मला जेवन सोडून काय बी अवघड गेलं न्हाई, आन् मला वाटलं, सायकल लई भारी झाली.’ मग म्हणाले, ‘म्या तुझा गेलेला हात बगितला. ऱ्हायलेला बगितलाच न्हाई.’

 माझ्याशी इतकं खरं कुणी बोललं नव्हतं. बायकोने पदर डोळ्यांना लावला.

ते उठले, मला घेऊन शेडवर आले आणि कापड काढून ती परदेशी सायकल बाहेर घेतली. मला वाटलं, रविवार आहे, फेरी मारणार. त्यांनी ती उलटी केली आणि मागचं चाक सोडवायला घेतलं. मी नको नको म्हणालो. मिस्त्रीणबाई दारात आल्या, बघितलं, आणि आत वळल्या. तेव्हा मला ही सायकल म्हणजे काय आहे ते खरं समजलं. आजही मला वाटतं की दुसऱ्यासाठी हात मोडून घेणारा माणूस एकवेळ मिळेल, पण रविवार मोडून देणारा सहज मिळायचा नाही.

त्या चाकाचा मधला भाग, तो पायाने थांबणारा, माझ्या सायकलला बसवायला त्यांना आठ दिवस लागले. त्यातलं निम्मं काम त्यांनी मला करायला लावलं, आणि डाव्या हातानेच. पाना डाव्या हातात, नट डाव्या हाताने. उजवा अंगठा मदतीला आला की ते त्यावर हलकी चापट मारायचे. माझ्याकडून पडलेला नट ते उचलून द्यायचे नाहीत. मी घरी निघालो की डाव्या हाताकडे बोट करून सांगायचे, याला काम दे, रिकामा बसवू नको. आठव्या दिवशी पुढच्या चाकाचा आस मी एकट्याने कसला. त्यांनी पाना लावून बघितला आणि मान हलवली. मला प्रेसवर पहिला पगार झाला तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं.

अजून एक अडचण होती. पायात ब्रेक असलेली सायकल थांबली की पायडल उलटं फिरवून हवं तिथे आणता येत नाही. फाटकाशी उतरलो तर पेटीसकट, एका हाताने, पुन्हा चढणं म्हणजे तमाशा. मी हे त्यांना बोललो नव्हतो. पण शनिवारच्या आदल्या दिवशी सरावाला फाटकाशी गेलो, तर तिथे गेटच्या दोन हात अलीकडे, रस्त्याच्या डाव्या कडेला, खांद्याएवढ्या उंचीचा एक लोखंडी खांब उभा होता. ओळखीचा वाटला. गावठाणात वीज आल्यावर काढून टाकलेल्या रॉकेलच्या दिव्याच्या खांबांपैकी एक, वरचा भाग कापलेला, टोकाला हात धरायला गोल कडी. खालचं सिमेंट अजून ओलसर होतं. गेटमनला विचारलं, कुणी पुरला? तो म्हणाला, कोण पुरणार, पहिल्यापासून आहे. ते सांगताना त्याचा पायजमा गुडघ्यापर्यंत सिमेंटने माखलेला होता.

तो खांब पुढे कितीतरी वर्षं उभा होता. शिफ्ट सुटली की त्या एका कडीला एकाच वेळी तीन-तीन हात धरलेले मी बघितले आहेत. रस्ता रुंद झाला त्यात तो गेला. मिस्त्री त्याच्या आधीच गेले होते, ते एका अर्थी बरं झालं.

शनिवार आला. साहेब स्कूटरवरून माझ्यामागे. पेटी भरलेली, या वेळी खऱ्या नमुन्यांनी. मोठ्या रस्त्यावर एक ट्रक अंगाला घासून गेला, सायकल हलली नाही. फाटक नेमकं बंद. मी पायडल मागे दाबलं, सायकल खांबाशी उभी राहिली, डाव्या हाताने कडी धरली आणि सीटवर बसूनच राहिलो. लोकल गेली. गेट उघडेना, मागून मालगाडी होती. साहेब दोन्ही पाय जमिनीवर टेकून स्कूटर सांभाळत उभे होते. म्हणाले, उतर खाली, अवघडशील. मी म्हटलं, ‘नाही साहेब, मी बरा आहे.’ गेट वर गेलं आणि त्यांची स्कूटर दोन किका खाईपर्यंत मी पलीकडे होतो.

उतार.  खाली वळणावर तो माळी हातात काठी घेऊन आपल्या वांग्यांपुढे आडवा उभा होता. त्याला कुणीतरी खबर दिली असावी. मी टाच मागे दाबली. सायकलने वेग सोडला, आणि मी त्याच्या समोरून माणसाच्या चालीने वळून गेलो. त्याने काठी खाली घेतली.

नदीकडच्या शेडमध्ये टपालाचा क्लार्क होता. पेटी मोजून घेतली, वही पुढे केली, माझ्या उजव्या हाताकडे बघितलं आणि न विचारता शाईचं पॅड सरकवलं. चूक त्याची नव्हती. अपघातानंतरच्या सगळ्या कागदांवर मी डावा अंगठाच उठवला होता. पण आमच्या घरात अंगठा माझ्या बापाबरोबर संपायला हवा होता. बापाने मला शाळेत घातलं ते त्यासाठीच. मिस्त्रींनी हाताला काम दे म्हटल्यापासून मी रोज पोरीच्या खेळायच्या पाटीवर नाव गिरवत होतो, बायकोलाही न सांगता. मी पॅड परत सरकवलं आणि पेन मागितलं.  अक्षरं एकाखाली एक घसरली, मात्रा उडून भलतीकडे गेली, पण माझं नाव होतं, आडनावासकट. साहेब मागे उभे राहून ते वाचत होते. त्यांनी खिशातून आपलं पेन काढलं आणि त्याच वहीवर माझ्या सहीखाली आपली सही केली. म्हणाले, ‘सोमवारी सातला या.’

त्या नोकरीत मी सव्वीस वर्षं काढली. पोरगी शिकली.

त्याच संध्याकाळी पेढे घेऊन शेडवर गेलो. मिस्त्री कुठल्याशा सायकलच्या चाकाच्या तारा ओढत होते. मी सगळं सांगितलं, खांबाचं, उताराचं, सहीचं. त्यांनी विचारलं एकच: ब्रेक घासतोय का? मी म्हटलं, नाही. मग मी पेढ्यांचा पुडा उजव्या तळव्यावर पेलून तसाच त्यांच्यापुढे धरला. उचलून द्यायचा तर डाव्या हातानेच द्यावा लागला असता, आणि आनंदाची वस्तू डाव्या हाताने थोरामोठ्यांना कशी द्यायची? अपघात झाल्यापासून मी कुणालाच हाताने काही दिलं नव्हतं.

त्यांनी पुड्याला हात लावला नाही. तोंडातले नट काढून बाकावर ठेवले.

‘तू दे,’ म्हणाले.

मी एक पेढा डाव्या हाताने उचलला आणि पुढे केला. त्यांनी तेलाचा हात धोतराला पुसला आणि आपला डावा हात पुढे करून तो घेतला.